माशांना तारखा देणारे घरमालक

समुद्रातल्या माशांना कोर्टाच्या तारखा देणारा माणूस या पृथ्वीच्या पाठीवर एकच होऊन गेला आणि त्याच्या पडवीलगतच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. ऐंशी सालानंतरची गोष्ट. बँकेनं मला साताऱ्याकडून उचललं आणि मालवण तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावी आणून टाकलं. मला तिथं ओळखीचं कुणी नव्हतं. ज्यांनी खोली दिली ते घरमालक, सगळ्या गावाचे काका, कोर्टातून निवृत्त झालेले बेलिफ होते. उभी हयात त्यांनी लोकांच्या दारात समन्स बजावण्यात घालवली होती. त्यांना पाहून माणसं गोठ्यात लपत, माळ्यावर चढत, एक गृहस्थ तर विहिरीत उतरून बसले होते आणि यांनी काठावर पथारी टाकून त्यांना थंडीनं वर यायला लावलं होतं. अशा माणसाला एक दिवस सरकारनं हार घालून घरी बसवलं. आता बजावायचं कुणाला? गावात त्यांना घाबरणारं कुणी उरलं नाही, म्हणून ते माशांकडे वळले, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, म्हणे.

त्यांची एक होडी होती. एकाच लाकडातून कोरलेली, एका बाजूला तोल सांभाळायला उलांडी बांधलेली, आणि इतकी अरुंद की तिच्यात एक माणूस बसला की दुसऱ्यानं किनाऱ्यावरून हात हलवायचा. पहाटे ते वल्हं मारत निघत, किनाऱ्यावरून दिसणाऱ्या एका काळ्या खडपापाशी, म्हणजे पाण्यातल्या कातळापाशी, जाऊन गरी, म्हणजे गळ, टाकत आणि दोन्ही गुडघे छातीशी घेऊन बसत. जाळं त्यांना मंजूर नव्हतं. जाळं म्हणजे सरसकट अटक, गरी म्हणजे नावानिशी समन्स, हा त्यांचा सिद्धांत. मासा लागला की त्याची सुनावणी होई. दिवसाचा पहिला मासा कितीही मोठा असो, तो निर्दोष सुटे, कारण "पयलो मासो दर्याचो." पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, असलेली मासळी हाताला लगेच कळे, तिला "बाय, तुका जामीन" म्हणून ते हळूच पाण्यात सोडत. आणि लहान मासा आला तर त्याला डोळ्यांसमोर धरून म्हणत, "जा रे बाबा, अजून ल्हान आसस. तारीख दिली तुका. मोठो होवन ये." एवढं सगळं करून उरलेली एखादी तांबोशी, एखादा शेंगाळा टोपलीत पडे. खडपावर शेजारी होड्या घेऊन बसणारे लोक हे ऐकून हसत. पण काकांना मी एकदा विचारलं की तारीख दिलेला मासा परत येतो हे कशावरून, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मीच फरार आरोपी असावा.

नियम हा या माणसाचा श्वास होता. माझा भाडेकरार त्यांनी पंचांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला आणि त्यात रहाटाची दोरी भिजली तर कुणी वाळत घालायची याचंही कलम होतं. घरी ते मालवणीत बोलत, पण कायद्याचा विषय निघाला की पाठ ताठ करून कोर्टाच्या शुद्ध मराठीत शिरत. मग "तू रे घाटावयल्या" असलेला मी एकदम "सदर भाडेकरू" होत असे. पावसाळ्यात समुद्र बंद. नारळी पौर्णिमेला नारळ पडेपर्यंत होडी पाण्यात नाही, हे तर सगळा किनारा पाळतो. पण काका त्या दिवसांत समुद्रात पायही बुडवीत नसत. आषाढात मी एकदा चिखलाचे पाय धुवायला लाटेत उतरलो तर हे मागून ओरडले, "भायर ये मेल्या! दर्याक सुटी आसा!" सोमवारी घरात मासे शिजत नसत. आता सोमवारी मासे खायचे नाहीत तर माणूस घरी बसेल. काका सोमवारीही खडपावर जात, गरीला आमिष न लावता ती पाण्यात सोडत आणि दुपारपर्यंत बसून रिकाम्या टोपलीनं परत येत. का, तर सवय मोडता कामा नये, आणि आठवड्यातून एक दिवस माशांनाही निर्धास्त खालून बघता यावं की वर कोण बसलं आहे.

त्याच सोमवारी संध्याकाळी होडीला तेल लागे. वेंगुर्ल्याच्या काजूच्या कारखान्यातून ते टरफलांचं काळं तेल डब्यात भरून आणत. त्या तेलानं लाकूड टिकतं, पण माणसाची कातडी सोलून निघते, म्हणून हाताला चिंध्या गुंडाळून ते होडी आतून-बाहेरून चोळत. काकी त्या वेळी मुद्दाम अंगणात येऊन उभ्या राहत आणि मला साक्षीला धरून म्हणत, "बघ रे झिला. माझ्या केसांक कधी खोबरेल लावल्यानी नाय, आणि ह्या सवतीक दर सोमवारी काजूचा तेल!" काका मान वर न करता म्हणत, "तुझे केस दर्यात जातत काय?" काकींनी होडीचं नावच सवत पाडलं होतं. पाहुणे आले आणि काका घरी नसले की "ते सवतीकडे गेलेहत" असं बिनदिक्कत सांगत, आणि नवखा पाहुणा चहा अर्धा टाकून उठे.

मग मासळी वाचवण्याचा कायदा आला. मोठ्या बंदरांतून ट्रॉलर यायला लागले होते. ते समुद्राचा तळ खरवडून नेत. पूर्वी खडपावर टोपली भरे, तिचा आता तळही झाकला जाईना. म्हणून सरकारनं ठरवलं की इंजिनाच्या मोठ्या बोटींनी किनाऱ्याजवळ यायचं नाही. ज्या दिवशी ही बातमी आली त्या दिवशी काका धोतराचा सोगा हातात धरून पळत घरी आले. मी त्यांना पळताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "इलो! दर्याक कायदो इलो!" असं ते वाटेतल्या प्रत्येक दारात सांगत होते. त्या संध्याकाळी त्यांनी पडवीत बसून आम्हाला कायदा समजावून सांगितला, ट्रॉलरवाल्याला कोणत्या पायरीवर काय शिक्षा होईल ते सांगताना त्यांचा चेहरा उजळून निघाला होता. "आता बघ रे घाटावयल्या. इतकी वर्सा मी एकटो माशांका तारखा देय होतंय. आता सरकार देतला." मला तो आनंद अजून दिसतो, आणि खरं सांगायचं तर त्याची आठवण आली की मला आजही कुणाच्या तरी मुस्कटात मारावीशी वाटते.

कारण त्यानंतर थोड्याच काळात दुसरा हुकूम आला. खडपाभोवतीचा सगळा पट्टा मासळीच्या पैदाशीसाठी राखीव. तिथं जाळं नको, गरी नको, काहीच नको. जेट्टीवर पाटी लागली. गावातल्या गरी टाकणाऱ्यांनी ती वाचली, एकमेकांकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जरा लवकर निघाले. एकटे काका थांबले. त्यांचं आयुष्य त्या खडपापाशी होतं, पण हुकूम तो हुकूम. पट्ट्याची हद्द पाण्यात कुणी आखलेली नव्हती. काकांनी ती स्वतःच काढली. देवळाचा कळस आणि एक वाकडा माड एका रेषेत आले की हद्द संपली, असं ठरवून ते नेमके त्या रेषेबाहेर होडी धरून बसू लागले. तिथं तळाला वाळू, मासा फिरकायचा नाही. रोज सकाळी स्वतःच्या खडपाकडे तोंड करून बसायचं आणि रिकामी टोपली घेऊन परत यायचं, असा त्यांचा आठवडाभर सोमवार सुरू झाला. "काका, ती पाटी तुमच्यासाठीच लावलेली दिसता. दुसऱ्या कोणाक वाचूक येवक नाय," असं लोक जाता-येता म्हणत. मी आपलं सुचवलं की गरीची हौसच आहे तर धामापूरच्या तळ्यावर का जात नाही? तर म्हणाले, "देवीच्या तळ्यात गरी टाकू? आणि गोड्या पाण्यातलो मासो म्हणजे काय मासो? ती भाजी." मग जरा वेळानं शुद्ध मराठीत म्हणाले, "पिल्लं वाढण्यासाठी पट्टा राखीव आहे. मी ज्यांना तारखा दिल्या ती तिथंच वाढतायत. मी तक्रार कशी करणार?"

आणि त्या पट्ट्यात, एका सकाळी, भर उजेडात ट्रॉलर शिरला. काकांनी तो हद्दीबाहेरून पाहिला. जाळं खडपाला घासून चाललं होतं. ते तडक मासेमारी खात्याच्या कचेरीत गेले. तिथले साहेब चहा घेत होते. त्यांनी ऐकून घेतलं, गस्तीच्या बोटीचं इंजिन दुरुस्तीला गेल्याचं सांगितलं आणि राखीव पट्ट्याच्या जाहीर नोटिशीचा एक छापील कागद काकांच्या हातात ठेवून हसत म्हणाले, "काका, तुम्ही बेलिफ ना? मग बजावा की तुम्हीच." कुणीही हे ऐकून ओशाळला असता किंवा चिडला असता. काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे साहेब." जन्मात त्यांनी वरिष्ठांचा तोंडी हुकूम थट्टेचा मानला नव्हता.

घरी येऊन त्यांनी काकींना पिठाची खळ शिजवायला सांगितली. पक्षकार कागद घेत नसेल तर पंचांसमक्ष तो दारावर डकवायचा, हा बेलिफाचा धर्म. ट्रॉलरवाला कागद घेणार नाही हे त्यांना ठाऊकच होतं. पंच म्हणून त्यांनी मला आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याला नेमलं. होडीत जागा नसल्यानं आम्ही किनाऱ्यावरच्या उंच कातळावर उभं राहून पाहायचं होतं. काकांनी कोर्टातला जुना कोट चढवला, खळीचा डबा आणि कुंचला होडीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी ट्रॉलर परत दिसताच निघाले. आम्हाला सगळं स्पष्ट दिसत होतं. ती चिमुकली होडी त्या धुडाला जाऊन टेकली. काका उभे राहिले, त्यांनी खणखणीत आवाजात नोटीस वाचून दाखवली असावी, कारण ट्रॉलरवरची माणसं कठड्याशी गोळा होऊन टाळ्या पिटत होती. मग काकांनी कुंचला खळीत बुडवला आणि बोटीच्या अंगाला कागद डकवला. तो निसटला. पुन्हा डकवला. पुन्हा निसटला. ओल्या लोखंडाला पिठाची खळ कुठून धरणार? शिंपी माझ्या शेजारी उभा राहून "काकानू, सोडा आता, सोडा" असं पुटपुटत होता. शेवटी काकांनी तळहातानं तो कागद तसाच दाबून धरला. आणि वरून कुणीतरी जाळ्यातला कचरा भरलेली मोठी टोपली त्यांच्या डोक्यावर ओतली. मग दुसरी ओतली. ट्रॉलरला मोठी मासळी लागते, बाकी बारीकसारीक ते फेकून देतात. ती सगळी बारीकसारीक त्या होडीत आली.

गंमत म्हणाल तर पुढेच आहे. साहेबांच्या गस्तीच्या बोटीचं इंजिन त्याच सकाळी दुरुस्त होऊन आलं होतं. तिला येताना पाहून ट्रॉलरनं जाळं ओढलं आणि तो धूर सोडत निघून गेला. गस्तीची बोट थोडी त्याच्यामागे धावली, दमली, आणि वळून काकांच्या होडीकडे आली. समुद्राच्या सगळ्या पसाऱ्यात ती गाठू शकेल अशी तेवढी एकच वस्तू होती. राखीव पट्टा, आत होडी, होडीत घोट्यापर्यंत मासळी. काकांना ओढत जेट्टीवर आणलं तेव्हा आम्ही दोघे पंच धापा टाकत पोचलो. मी साहेबांना सांगितलं, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. साहेब म्हणाले, "तुम्ही त्यांचे भाडेकरू ना? आणि हे त्यांचेच पंच? असं चालत नाही हो." मी आवाज चढवला, बँकेतल्या नोकरीचा विचार न करता चढवला, पण काकांनी मला हात करून गप्प केलं. त्यांनी आधी पंचनामा मागून वाचला. "मासेमारी करताना आढळला" असं होतं, ते खोडून "मासळीसह आढळला" असं करून घेतलं आणि मगच सही केली. मला म्हणाले, "मासळी माझ्या होडीत सापडली हे खरं आहे. मी धरली हे खोटं आहे. ते योग्य वेळी सांगितलं जाईल."

हे सगळं शुद्ध मराठीत झालं. मग ते होडीपाशी गेले आणि वाकून त्यांनी ओंजळ भरून घेतली. बोटाएवढ्या तांबोश्या होत्या, गोब्र्याची पिल्लं होती, तळहाताच्या खळग्यात मावतील असे सरंगे होते. काही अजून तोंडाची उघडझाप करत होती. काकांनी ती जेट्टीवरून पाण्यात सोडली, पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा सोडली. एक शिपाई म्हणाला, "ओ, मुद्देमाल आसा तो." काकांच्या कोटावरून खळ ओघळत होती. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्येंका मी तारखा दिलंय रे. ह्ये सगळे माझे तारखेवयले." आणि पुन्हा ओंजळ भरायला वाकले.

होडी जप्त झाली आणि कचेरीच्या आवारात उन्हात जाऊन पडली. थोडा दंड भरून गुन्हा मिटवता येत होता. साहेबही स्वभावानं वाईट नव्हते, त्यांनी तीनतीनदा समजावलं. पण दंड म्हणजे कबुली. राखीव पट्ट्यात मासे धरले असं काका कोणत्या तोंडानं कबूल करणार? त्यांना सुनावणी हवी होती. सुनावणीला साहेब दौऱ्यावर असत, कधी कागद वर गेलेले असत, कधी वरून आलेले नसत. आणि प्रत्येक वेळी काकांना मिळे ती पुढची तारीख. गावातल्या टगेगिरीला विषय मिळाला. "काय काका, मोठे झालास की नाय अजून?" असं पोरंसोरं नव्हे, चांगले बाप्ये विचारत. ट्रॉलरवाल्यावर खटला झाला का? त्याचं नाव कुणाला ठाऊक होतं! त्या कायद्याखाली आमच्या गावात गुन्हेगार ठरला तो कायद्याला ओवाळणारा एकुलता एक इसम.

लाकडाची होडी पाण्यावाचून उन्हात राहिली की तडकते. म्हणून दर सोमवारी काका तेलाचा डबा घेऊन कचेरीत जायला लागले. शिपायानं आधी अडवलं, मग त्यालाही सवय झाली. तेल लावून झालं की काका होडीत बसत, गुडघे छातीशी घेत, खिशातून दोरी काढत आणि आमिष नसलेली गरी होडीच्या कडेवरून आवारातल्या गवतात सोडत. कामाला आलेले लोक पायऱ्यांवर उभे राहून बघत आणि कपाळाशी बोट फिरवत. मी बँकेतून जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासाठी चहा घेऊन जाई. मला त्यात वेड कधी दिसलं नाही. सोमवारी तसंही ते मासे धरीत नसत.

माझी बदली झाली तो दिवस सोमवार होता. पेटी एसटीच्या थांब्यावर ठेवून मी कचेरीत निरोप घ्यायला गेलो. ते होडीतच होते. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा डोळ्यांसमोर घेतला, माशाचा घेत तसा. "जा रे बाबा," ते म्हणाले, "अजून ल्हान आसस. तारीख दिली तुका. मोठो होवन ये." मी हसलो. एसटी सुटल्यावर मात्र मला खिडकीबाहेरचं काही दिसेना.

तारीख मी पाळली नाही असं नाही, पण उशीर झाला. देवगडला बँकेच्या कामासाठी गेलो होतो, तिथून मुद्दाम वाट वाकडी केली. काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आरोपीच गेल्यामुळे गुन्हा निकाली निघाला होता, पण होडी परत नेण्यासाठी मालकानं जातीनं हजर राहून सही करायची, असा नियम होता. मालक हजर राहत नव्हता, त्यामुळे होडी अजून तिथंच होती. घराला कडी होती. शिंप्यानं सांगितलं, "काकी कचेरीत गेलेहत. आज सोमवार मा?"

आवारात गवत वाढलं होतं. त्यात काकी उकिडव्या बसल्या होत्या आणि होडीला तेल चोळत होत्या. त्यांची बोटं काळी पडली होती, तळहाताची सालं निघाली होती. होडीला एकही तडा नव्हता. मी समोर उभा राहिलो तेव्हा त्यांनी ओळखलं, पण हात थांबवला नाही. "काकी," मी म्हणालो, "आणि ही तर तुमची सवत."

"सवत झाली म्हणान काय झाला," त्या म्हणाल्या, "उन्हात फुटूक देवक व्हयी तिका?"

मी बाह्या वर सारून त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी डबा मधे सरकवला आणि एक फडकं माझ्याकडे टाकलं. "आधी हाताक चिंधी गुंडाळ," त्या म्हणाल्या, "ते गुंडाळीत तशी. माझे हात काय, ते गेलेच."